मागितलं, पण फक्त देवाकडे

कॉलेजच्या फेस्टसाठी स्पॉन्सर शोधत कधी फिरलाय? पन्नास जणांना मेसेज केले की दोघांचा रिप्लाय येतो. आता कल्पना करा, तुमच्यावर दोन हजार अनाथ मुलांची जबाबदारी आहे आणि नियम असा की पैशांसाठी कुणापुढे शब्द टाकायचा नाही. जे मागायचं ते देवाकडे, तेही दार लावून. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात जॉर्ज म्युलर यांनी साठहून जास्त वर्षं हेच केलं.

ते जन्मापासून संत होते असं मात्र समजू नका. 1805 मध्ये प्रशियात, म्हणजे आजच्या जर्मनीत, जन्मलेला हा मुलगा वडिलांकडच्या सरकारी पैशांवर हात मारायचा. सोळाव्या वर्षी हॉटेलांची बिलं बुडवून तुरुंगातही गेला. वीस वर्षांचा असताना एक मित्र त्याला एका घरी प्रार्थनेला घेऊन गेला. तिथे एक जण गुडघे टेकून देवाशी बोलू लागला. जॉर्जने असं कधी पाहिलंच नव्हतं. त्या संध्याकाळपासून त्याचं आयुष्य बदललं.

1829 मध्ये म्युलर इंग्लंडला आले, पाळक झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी ठरलेला पगार सोडला. 1836 मध्ये अनाथ मुलींसाठी पहिलं घर उघडायचं ठरलं. आता गंमत बघा. घर, पैसे, सामान, काम करणारी माणसं, सगळ्यासाठी प्रार्थना झाली होती. अर्ज घ्यायच्या दिवशी ते वाट बघत बसले, तर एकही अर्ज नाही! तेव्हा लक्षात आलं की मुलं मिळावीत म्हणून प्रार्थना करायची राहूनच गेली. ती केली, आणि दुसऱ्या दिवशी पहिला अर्ज आला.

खरी कसोटी लागली 1841 च्या डिसेंबरात. हातात पैसे जवळजवळ नव्हतेच आणि वार्षिक सभेची वेळ आलेली. आपण म्हटलं असतं, बरी संधी आहे, लोकांना सांगून टाकू. म्युलर यांनी सभाच पुढे ढकलली. अडचण लोकांच्या कानावर घालून पैसे मिळवले, तर देवावर विश्वास ठेवला असं कसं म्हणायचं?

त्यांचे छापील अहवाल वाचून लोक पैसे द्यायचे, मग ती जाहिरातच नव्हे का, असं तुम्ही विचाराल. प्रश्न रास्त आहे. पण अहवालात झालेल्या खर्चाचा पै-पैचा हिशेब असायचा, आज काय कमी आहे त्याची यादी नव्हे.

प्रार्थना म्हणजे हातावर हात ठेवून बसणंही नव्हतं. 1857 च्या नोव्हेंबरअखेर तीनशे मुलांच्या इमारतीचा बॉयलर गळू लागला. दुरुस्तीसाठी तो बंद ठेवावा लागणार आणि बाहेर उत्तरेचा बोचरा वारा. म्युलर यांनी कारागीर बोलावले, दिवस ठरवला आणि मग दोन गोष्टी मागितल्या: वारा दक्षिणेचा व्हावा आणि कारागिरांना मनापासून काम करावंसं वाटावं. त्या दिवशी वारा फिरला. कारागीर तर स्वतःहून रात्रभर काम करायला तयार झाले.

प्रत्येक वेळी हवं तेच घडलं असं नाही. 1835 मध्ये त्यांचा लहानगा मुलगा न्यूमोनियाने गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी दुसऱ्यांच्या मुलांसाठी घर काढायचं ठरवलं. मला वाटतं, त्यांचा विश्वास सगळ्यात जास्त इथे दिसतो.

1870 पर्यंत ॲशली डाउनवर पाच मोठ्या इमारती उभ्या राहिल्या. आयुष्यभरात त्यांनी दहा हजारांवर मुलं सांभाळली, हातून सुमारे पंधरा लाख पौंड गेले. 10 मार्च 1898 रोजी, 92 व्या वर्षी, ते वारले. आदल्या संध्याकाळी ते प्रार्थना सभेत होते. मागे स्वतःची मालमत्ता राहिली ती जेमतेम 160 पौंडांची.

हे सगळं लांबचं वाटतंय? आपल्या पंडिता रमाबाईंनी म्युलर यांचं चरित्र वाचलं होतं. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातल्या शेकडो मुलींना आसरा देताना त्यांनीही असाच देवावर भार टाकला.

तुम्ही देव मानत असाल, तर एक प्रश्न स्वतःला विचारून बघा. तुमची अडचण आधी कुणाला कळते, स्टेटस बघणाऱ्यांना की त्याला?