वाघाचे मुद्दल

१९८६ सालची गोष्ट. माझी बदली अर्जुनी मोरगाव भागातल्या एका छोट्या शाखेत झाली होती. गोंदिया जिल्हा तेव्हा अस्तित्वात नव्हता. तो १९९९ च्या महाराष्ट्रदिनी भंडाऱ्यातून वेगळा निघाला. धानाचे बांध, तळी आणि तळ्यांच्या पलीकडे लगेच सुरू होणारे जंगल असा तो मुलूख. एका सकाळी शाखा उघडते न उघडते तोच एक म्हातारा आत आला आणि पळसाच्या पानात गुंडाळलेले काहीतरी त्याने माझ्या टेबलावर ठेवले. उलगडून पाहिले तर आत बैलाचा कान. कानात विम्याचा पितळी बिल्ला.

आयआरडीपीच्या कर्जातून आम्हीच त्याला दिलेला तो बैल. विम्याचा दावा करायचा तर बिल्ला हजर करावा लागे, हे त्याला पक्के ठाऊक होते. बैल पट्टेदार वाघाने मारला होता. वाघ मागच्या भागापासून खायला सुरुवात करतो, म्हणून कान शाबूत राहिला, असे त्याने मला शांतपणे समजावून सांगितले. इतकी माहिती कुठून, असे विचारले तेव्हा कळले, की तरुणपणी हा बाबा शिकारीच्या हाक्याला जात असे. परवाना काढून साहेब लोक यायचे, तळ पडायचा, रेडकू बांधले जायचे, आणि गावातली पन्नास माणसे डबे बडवीत जंगल हाकायची. मग एके वर्षी साहेब आलेच नाहीत. इंदिराबाईने शिकार बंद केली, असे गावात सांगितले गेले.

जाता जाता तो हसून एक हिशेब सांगून गेला. बँक गावात आणली बाईने, बैल मिळाला तो बाईच्या योजनेतून, आणि बैल खाल्ला तो बाईने राखलेल्या वाघाने. मी खातेवह्यांत वाढलेला माणूस. पण जमा आणि नावे इतकी एकाच माणसाच्या नावावर पडलेली मी पाहिली नव्हती. त्या दिवसापासून इंदिरा गांधींच्या आयुष्याकडे मी या एका खिडकीतूनही पाहू लागलो.

त्यांचे राजकारण आपल्या सर्वांना ठाऊक आहे. १९ नोव्हेंबर १९१७ ला अलाहाबादेत जन्म, आनंदभवनातले माणसांनी गजबजलेले आणि तरी एकाकी बालपण, आई आजारी, वडील तुरुंगात. पण त्या एकाकीपणातच झाडे, पाखरे आणि डोंगर यांची सोबत त्यांना लागली. दहा वर्षांची मुलगी मसुरीला असताना जवाहरलालजींनी तिला पृथ्वीच्या जन्माची, दगडधोंड्यांची, प्राण्यांची गोष्ट पत्रांतून सांगितली. पुढे डेहराडूनच्या तुरुंगातून त्यांनी लेकीला सलीम अलींचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक पाठवले. तोवर पाखरे नुसती डोळ्यांसमोरून जात होती. त्या पुस्तकानंतर ती ओळखीची झाली, असे इंदिराजींनी स्वतःच पुढे नोंदवून ठेवले आहे. वडील पंतप्रधान झाल्यावर तीन मूर्ती भवनात हिमालयातले लाल पांडा आले, वाघाचे बछडे आले. १९५६ मध्ये घरी कुणाकडून तरी वाघाचे कातडे भेट आले, तेव्हा ते पाहून आपल्याला किती वाईट वाटले हे त्यांनी शाळेत असलेल्या राजीवला पत्रातून कळवले होते. ज्या काळात दिवाणखान्यातले कातडे हे घराण्याचे भूषण समजले जाई, त्या काळातली ही गोष्ट.

तो काळ कसा होता हे आज मुलांना सांगितले तर खरे वाटणार नाही. शिकार हा अपराध नव्हता, ती रीतसर सरकारी व्यवस्था होती. आपला विदर्भ ज्या मध्य प्रांतात होता, तिथल्या राखीव जंगलांचे इंग्रजी अमदानीत शिकारीसाठी ब्लॉक पाडलेले होते. एका ब्लॉकसाठी एका वेळी एका तुकडीला ठराविक दिवसांचा परवाना मिळे. कोणते जनावर किती मारायचे याची मर्यादा परवान्यात लिहिलेली असे. मादी, पिल्लू, शिंगांवर मखमल असलेला नर वर्ज्य. काही महिने शिकार बंद. फी सरकारजमा. कागदावर पाहिले तर अत्यंत शिस्तशीर. इंग्रज गेले, व्यवस्था राहिली.

स्वातंत्र्यानंतर तिला एक नवे गिऱ्हाईक मिळाले. अमेरिका-युरोपातले धनिक शिकारी येऊ लागले आणि त्यांची बडदास्त ठेवणाऱ्या कंपन्या निघाल्या. नागपूरची ॲल्विन कूपर ही त्यांतलीच एक. ती काढली विद्याचरण शुक्ल यांनी, लोकसभेत जाण्यापूर्वी. हेच शुक्ल पुढे इंदिराजींच्या मंत्रिमंडळात आले. परवाने, तंबू, हत्ती, मचाण, वाटाडे हे सगळे कंपनी पुरवी आणि गिऱ्हाईक डॉलरमध्ये पैसे मोजी.

आणि डॉलरला तेव्हा काय किंमत होती! इंदिराजी जानेवारी १९६६ मध्ये पंतप्रधान झाल्या तेव्हा देशात दुष्काळ होता, अमेरिकेचा मिलो आणि गहू रेशनवर येत होता. त्याच वर्षी जूनमध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले. डॉलर पावणेपाच रुपयांवरून साडेसातवर गेला. अशा वेळी वाघामागे परकीय चलन मिळते, फीतून जंगल राखायला पैसा येतो, मग हे सोन्याचे अंडे का फोडायचे, असा सवाल दिल्लीत केला जात होता. तो सवाल वेडगळ नव्हता. बँकेत माझ्यासमोर हा प्रस्ताव आला असता तर मीही तो दोनदा वाचला असता.

पण कर्ज मंजूर करण्यापूर्वी बँकेचा अधिकारी तीन प्रश्न विचारतो. मुद्दल किती आहे? व्याज कुणाच्या खात्यात जाते? आणि तपासणी कोण करते? या तीन प्रश्नांवर शिकारीचा परवाना नापास होत होता. जंगलात वाघ किती आहेत हे कुणालाच नक्की ठाऊक नव्हते. तरी दरवर्षी किती मारायचे ते ठरत होते. फी तिजोरीत जाई, नफा कंपनीकडे जाई आणि आमच्या म्हाताऱ्याला दिवसाची मजुरी मिळे. बैल मेला तर तो त्याचा त्याने. तपासणीचे म्हणाल तर परवान्यावर एक वाघ लिहिलेला असे, जखमी होऊन झाडीत मेलेला दुसरा कुठल्याच वहीत नसे. जीप आणि सर्चलाइट आल्यावर तर नियम आणि जंगल यांची गाठच पडेनाशी झाली. चित्त्याचे उदाहरण समोर होतेच. १९४७ मध्ये कोरियाच्या महाराजांनी एका रात्री तीन चित्ते मारले आणि तो प्राणी या देशातून संपला. मुद्दल संपल्याची नोटीस कुणी पाठवत नाही.

१९६९ हे साल आम्हा बँकवाल्यांना विसरता येत नाही. १९ जुलैला १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्याच जुलैत वन्यजीव मंडळाने वाघाच्या शिकारीवर पाच वर्षे बंदी घालावी अशी शिफारस केली. त्याच नोव्हेंबरात पक्ष दुभंगला, आणि पक्षातल्या त्या धुमश्चक्रीत दिल्लीत निसर्गसंरक्षणाच्या जागतिक संघटनेचे अधिवेशन भरले. त्याच्या उद्घाटनाला इंदिराजी गेल्या. परकीय चलनाची गरज त्यांनी नाकारली नाही. मात्र ते या भूमीवरच्या देखण्या रहिवाशांच्या जिवावर मिळवायचे नाही, अशी भूमिका त्यांनी जगासमोर घेतली. १९७० मध्ये राज्यांनी वाघाची शिकार बंद केली. शिकार कंपन्यांनी आरडाओरड केली, नुकसानीचे आकडे मांडले. बाई हलल्या नाहीत. त्याच वर्षी आपले नागझिरा अभयारण्य झाले. १९७५ मध्ये नवेगाव राष्ट्रीय उद्यान.

१९७२ मध्ये देशभर वाघ मोजले गेले. आकडा निघाला १८२७. पावलांच्या ठशांवरची ती मोजणी आजच्या कसोटीला उतरणार नाही. पण मुद्दलाचा पहिला ताळेबंद तो होता. घटनेनुसार वन्यप्राणी हा तेव्हा राज्यांचा विषय. ११ राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव केले तेव्हा कुठे संसदेला त्याच सप्टेंबरात वन्यजीव संरक्षण कायदा करता आला. पुढच्या वर्षी १ एप्रिलला व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ जंगलांत आपला मेळघाट होता.

इथे एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. १९७२ च्या त्या कायद्याने सगळी शिकार एकदम बंद केली नाही. परवान्यांचे चांगले चार वर्ग त्यात शिल्लक होते: विशेष शिकार, मोठी शिकार, लहान शिकार आणि वन्यप्राणी पकडणे. वाघासारखे प्राणी पहिल्या अनुसूचीत घालून वाचवले. बाकीच्यांसाठी वाहनातून नको, दिव्याच्या झोतात नको, पाणवठ्यावर नको, मारलेल्याची नोंद ठेवा, अशा अटी घातल्या. इंदिराजींनाही सगळे दोर एकदम कापता आले नाहीत. हे परवाने कायद्यातून गेले ते १९९१ च्या दुरुस्तीने. ते पाहायला त्या नव्हत्या. ३१ ऑक्टोबर १९८४ च्या सकाळी, राहत्या घराच्या बागेतून चालत जाताना त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या.

त्या चुकल्या का? जगात याची दुसरी बाजूही आहे आणि ती प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे. अमेरिकेत रानमेंढ्यांच्या शिकारीचे मोजके खास परवाने लिलावाने आणि सोडतीने देतात आणि तो पैसा त्याच मेंढ्यांवर खर्च होतो. पाकिस्तानच्या डोंगरांत मारखोर या रानबोकडाचे वर्षाला जेमतेम डझनभर परवाने निघतात. म्हातारा नरच मारायचा, आणि फीचे ८० टक्के त्या डोंगरातल्या गावांना. त्यातून शाळा झाल्या, दवाखाने झाले, आणि चोरटी शिकार गावकरीच अडवू लागले. नामिबियाच्या एका काळ्या गेंड्याचा परवाना २०१४ मध्ये अमेरिकेत साडेतीन लाख डॉलरला गेला, तेव्हा जगभर वादळ उठले.

मारखोराचा हिशेब जमला, कारण उघड्या कड्यावर तो मोजता येतो आणि व्याज गावाच्या खात्यात पडते. आपल्या सागवानात आणि बांबूच्या रांजीत १९६९ साली यातले काहीही नव्हते. जिथे मुद्दल ठाऊक नाही तिथे व्याज काढायचे नसते. इंदिराजींनी अर्थशास्त्राची पुस्तके किती वाचली होती मला माहीत नाही. पण हा निर्णय एखाद्या जुन्या, सावध शाखाधिकाऱ्याचा होता.

तरीही पाकिस्तानातल्या त्या ८० टक्क्यांपाशी माझे मन अडखळते. कारण इंदिराजींच्या वहीत तेवढा रकाना कोरा राहिला. आणीबाणीतल्या ज्या ४२ व्या घटनादुरुस्तीने जंगल आणि वन्यजीव राखणे हे राज्याचे आणि नागरिकाचे कर्तव्य ठरवले, त्याच दुरुस्तीने जंगल राज्याच्या यादीतून काढून केंद्राच्या वाट्यालाही दिले. निर्णय दिल्लीत, वाघ अर्जुनीत आणि बैल गोंडाचा, कोहळीचा. ज्यांच्या पूर्वजांनी नवेगावचा बांध बांधला, तळी राखली, त्यांना कुणी विचारले नाही. वाघ वाचवण्याचा हप्ता देश भरतो असे आपण शहरात बसून म्हणतो. पहिला हप्ता नेहमी जंगलकाठच्या गोठ्यातून गेलेला असतो.

आज चित्र बदलले आहे. २०२२ च्या गणनेत देशात सरासरी ३६८२ वाघ निघाले, महाराष्ट्रात ४४४. २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प झाला आणि मे २०२३ मध्ये चंद्रपूरकडच्या दोन वाघिणी तिथे आणून सोडल्या. मुद्दल दुपटीवर गेले. जनवन योजनेतून काही व्याज आता गावांकडे येते, गाइड म्हणून पोरांना काम मिळते, भरपाईही पूर्वीपेक्षा लवकर मिळते. आणि परवाना? तोही पुरता गेलेला नाही. उभे धान तुडवणाऱ्या रानडुकराला आणि रोह्याला मारण्याची परवानगी मागण्याची वाट २०१५ च्या शासन आदेशाने शेतकऱ्यासाठी मोकळी केली. एके काळी हौशी साहेब परवाना काढत होता. आता रात्रभर मचाणावर जागणारा शेतकरी अर्ज करतो. परवान्यामागची माणसे बदलली, एवढाच पन्नास वर्षांचा प्रवास नव्हे काय?

त्या म्हाताऱ्याच्या दाव्याचे पुढे काय झाले, हे सांगायला हवे. कागद बरेच फिरले. पंचनामा एका ठिकाणी अडला, सही दुसऱ्या ठिकाणी. सात-आठ महिन्यांनी पैसे आले तोवर धानाचा हंगाम निघून गेला होता आणि त्याने शेजाऱ्याचा बैल मागून चिखलणी उरकली होती. उशिराबद्दल मी दिलगिरी व्यक्त केली. तो रागावला नव्हता. वाघाला मारा, असे तो तेव्हाही म्हणाला नाही. जंगलात वाघ असावा. फक्त त्याच्या जेवणाचे बिल एकट्या आपल्या नावे पडू नये, एवढेच त्याचे म्हणणे होते.

मी निवृत्त झालो, बाबा केव्हाच गेला असेल. इंदिराजींना जाऊन चार दशके उलटली. त्यांनी वाघाचे मुद्दल विकू दिले नाही, हे त्यांचे आपल्यावरचे ऋण. त्या मुद्दलावरचे व्याज पहिल्यांदा कुणाच्या दारात पोचवायचे, हे मात्र त्या आपल्यावर सोपवून गेल्या. नागझिऱ्याला सहलीला जाल तेव्हा वाघ दिसो न दिसो. फाटकाबाहेरच्या गावात थोडे थांबा आणि कुणाच्या तरी गोठ्यात डोकावून पाहा. हिशेब तिथे लिहिलेला आहे.