डॉ. इरावती कर्वे

ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये, इरावती नावाची एक विशाल नदी आहे. गणेश हरी करमरकर हे गृहस्थ नोकरीनिमित्त त्या देशी राहत असत. १५ डिसेंबर १९०५ रोजी त्यांना कन्यारत्न झाले. त्या नदीवरून कन्येचे नाव इरावती ठेवण्यात आले.

इरावती सात वर्षांची झाली, तेव्हा तिला शिक्षणासाठी पुण्यास पाठविण्यात आले. हुजूरपागेच्या शाळेत शकुंतला परांजपे हिच्याशी तिची मैत्री जमली. शकुंतलेचे वडील रँग्लर र. पु. परांजपे हे फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य होते. त्यांनी इरावतीला आपल्या घरी पोटच्या मुलीप्रमाणे वाढविले. थोरांचे मतही बुद्धीच्या कसोटीवर पारखून घ्यावे, असे त्या घरचे वळण होते. हा संस्कार तिला जन्मभर पुरला.

१९२६ साली इरावतीबाई पदवीधर झाल्या. पुढे मुंबईस डॉ. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी समाजशास्त्राचे उच्च शिक्षण घेतले. त्यांचा विवाह महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे पुत्र प्रा. दिनकर कर्वे यांच्याशी झाला. महर्षींनी स्त्रीशिक्षणासाठी सारे आयुष्य वेचले होते. तरीही सुनेने परदेशी जाणे त्यांना पसंत नव्हते. परंतु दिनकररावांनी पत्नीला मनापासून पाठबळ दिले आणि १९२८ साली इरावतीबाई जर्मनीतील बर्लिन नगरीत दाखल झाल्या.

तेथे मानवशास्त्राची एक नामांकित संस्था होती. ऑयगेन फिशर हे तिचे प्रमुख होते. माणसांत काही वंश जन्मतःच श्रेष्ठ व काही कनिष्ठ असतात, असे त्यांचे मत होते. मनुष्याच्या कवटीचे डावे व उजवे अंग तंतोतंत सारखे नसते. युरोपातील गोऱ्या लोकांत हा फरक अधिक असतो आणि तेच त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीचे लक्षण होय, अशी फिशर यांची कल्पना होती. हीच गोष्ट तपासण्याचे काम त्यांनी या भारतीय विद्यार्थिनीवर सोपविले.

इरावतीबाईंनी निरनिराळ्या वंशांच्या शंभराहून अधिक कवट्या हाती घेऊन एकेक माप काळजीपूर्वक टिपले. आकडे मांडून पाहता गुरूंच्या कल्पनेला कोठेही आधार मिळेना. कवटीच्या दोन अंगांतील फरक सर्वच वंशांत आढळत होता. त्याचा वंशाशी काहीही संबंध दिसत नव्हता. मोठा कठीण प्रसंग होता तो! परका देश, परकी भाषा आणि परीक्षा घेणारे तेच गुरू. त्यांना रुचेल असा निष्कर्ष लिहिणे सोपे होते. परंतु इरावतीबाईंनी आकड्यांशी इमान राखले. जे आढळले, तेच त्यांनी प्रबंधात निःसंकोचपणे लिहिले. १९३० साली त्यांना डॉक्टरेट मिळाली.

या प्रामाणिकपणाचे मोल पुढे जगाला कळले. १९३३ साली जर्मनीत हिटलरची सत्ता आली. वंशश्रेष्ठत्वाच्या खोट्या सिद्धान्ताने राजसत्तेचा आश्रय घेतला. फिशर यांच्या संस्थेने त्यास विद्वत्तेचे पाठबळ पुरविले. त्या सिद्धान्तापायी लक्षावधी निरपराध माणसांना प्राणास मुकावे लागले.

मायदेशी परतल्यावर १९३९ सालापासून इरावतीबाई पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अध्यापन व संशोधन करू लागल्या. मोजमापाची साधने बरोबर घेऊन त्या गावोगावी व डोंगरपाड्यांतून हिंडल्या. खानदेशातील भिल्ल, गावोगावचे कुंभार अशा कितीतरी समाजांचा त्यांनी अभ्यास केला. लोकांची शरीरमापे, रक्तगट, चालीरीती व नातीगोती यांच्या त्यांनी नोंदी केल्या. सर्व कुंभार एकाच मूळ जातीच्या शाखा असाव्यात, असे वरवर पाहणाऱ्यास वाटे. परंतु त्यांच्या गटागटांत चाकांचे प्रकार निराळे, विवाहसंबंध निराळे, शरीराची ठेवणही निराळी असल्याचे बाईंना आढळले. त्यावरून त्यांनी असे मत मांडले, की एका समाजाचे तुकडे होऊन जाती झाल्या नसून अनेक स्वतंत्र समूह शेजारी शेजारी नांदू लागले. आपला समाज म्हणजे जणू नाना रंगांच्या तुकड्यांची एक मोठी गोधडीच!

पुण्याच्या रस्त्यावर स्कूटर चालविणाऱ्या पहिल्या स्त्रियांपैकी त्या एक होत्या. मराठीतही त्यांनी विपुल लेखन केले. महाभारतातील व्यक्तींवरील त्यांच्या ‘युगान्त’ या ग्रंथास १९६८ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. ११ ऑगस्ट १९७० रोजी त्यांचे निधन झाले.

बाईंच्या हाती मोजपट्टी होती. आजच्या संशोधकांच्या हाती त्याहून सूक्ष्म साधने आहेत. आपल्या शरीरातील पेशींत डीएनएचे धागे असतात. त्यांवर सुमारे ३०० कोटी अक्षरांचा एक लेखच जणू लिहिलेला असतो. या संपूर्ण लेखास जनुकसंच म्हणतात. छत्रपती संभाजीनगरचा एखादा विद्यार्थी आणि आफ्रिकेतील एखादा विद्यार्थी यांचे लेख शेजारी ठेवले, तर दर हजार अक्षरांत साधारण एखादेच अक्षर निराळे निघेल. मात्र त्या एका अक्षरालाही महत्त्व असते. नंदुरबार व गडचिरोली या भागांतील आदिवासी समाजांत आढळणारा सिकलसेल हा रक्ताचा विकार अशाच एका अक्षराच्या बदलातून उद्भवतो.

जगात आरंभी जे जनुकसंच वाचले गेले, ते बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांचे होते. एका समूहाच्या माहितीवरून बेतलेली तपासणी दुसऱ्या समूहास चुकीचे उत्तर देऊ शकते. औषधाची मात्राही चुकू शकते. म्हणून भारतीय शास्त्रज्ञांनी देशातील ८० हून अधिक लोकसमूहांतील सुमारे १०,००० व्यक्तींचे जनुकसंच वाचले. ही माहिती २०२५ साली संशोधकांसाठी खुली झाली.

माणसामाणसांत भेद आहेत. ते नाकारण्याचे कारण नाही. त्या भेदांवरून कोणास उच्च वा नीच ठरविणे हे अज्ञान होय, आणि तेच भेद जाणून प्रत्येकाच्या दुखण्यावर योग्य उपाय शोधणे हे विज्ञान होय. बर्लिनमध्ये गुरूच्या मताहून सत्य मोठे मानणाऱ्या इरावतीबाईंनी याच विज्ञानाची वाट धरली होती.