नावेतील दोन गोळे

हॉलंड देशातील हेग शहरी १४ एप्रिल १६२९ रोजी ख्रिस्तियान हायगेन्स यांचा जन्म झाला. वडील कॉन्स्टंटाइन हे ऑरेंज राजघराण्याचे चिटणीस व नामांकित कवी होते. घराणे प्रॉटेस्टंट पंथाचे. प्रसिद्ध फ्रेंच तत्त्ववेत्ते देकार्त हे वडिलांचे स्नेही. त्यामुळे त्यांचे ग्रंथ या मुलाने मोठ्या आदराने वाचले.

देकार्त यांनी १६४४ च्या आपल्या ग्रंथात टकरीचे सात नियम दिले होते. त्यांतील एक असा की, लहान पदार्थ कितीही वेगाने आला तरी स्थिर असलेल्या मोठ्या पदार्थाला तो हलवू शकत नाही. देकार्त १६५० साली वारले, परंतु त्यांचा शब्द विद्वानांत प्रमाण होता. १६५२ च्या सुमारास, अवघ्या तेविसाव्या वर्षी, हायगेन्स यांना हे नियम चुकीचे आहेत असे दिसू लागले. गुरुस्थानी असलेल्या माणसाविरुद्ध बोलणे सोपे नव्हते. त्यांनी वाद घातला नाही. उदाहरण सोडवून दाखविले.

त्यांची रीत अशी. कालव्यातून एक नाव संथ चालली आहे. नावेतला मनुष्य दोन कठीण गोळे एकमेकांवर आदळवितो, आणि काठावरचा मनुष्य तीच टक्कर पाहतो. टक्कर एकच, फक्त वेगांचे आकडे दोघांना निरनिराळे दिसतात.

वाचकहो, आपणही एक उदाहरण सोडवू. ३ शेर वजनाचा गोळा स्थिर आहे. १ शेराचा गोळा ४ या वेगाने त्यावर समोरासमोर आदळतो. प्रथम वजन व वेग यांचा गुणाकार करून बेरीज घ्यावी : ४. तिला एकूण वजनाने, म्हणजे ४ ने, भागावे : १. हा आपल्या नावेचा वेग. आता नावेत बसून पाहिले तर लहान गोळा ३ वेगाने येतो आणि मोठा १ वेगाने त्याच्यासमोर येतो. अशा नावेतून पाहता प्रत्येक गोळा आपल्याच वेगाने मागे फिरतो. शेवटी काठावर परत यावे व नावेचा वेग मिळवावा. लहान गोळा २ वेगाने मागे जातो. मोठा २ वेगाने पुढे जातो. मोठा हलला!

आता पडताळा पाहा. दिशा न पाहता बेरीज केली तर आधी ४ आणि नंतर २ व ६ मिळून ८ येतात. हिशेब जुळत नाही. मागे जाणारे २ वजा धरले की पुन्हा ४ येतात. देकार्त यांनी गतीचे माप घेतले, पण दिशा सोडली. चूक तेथेच होती. हायगेन्स यांना आणखी एक गोष्ट आढळली. वजनाला वेगाच्या वर्गाने गुणले तर आधी १६, आणि नंतर ४ व १२ मिळून १६च.

हे सर्व त्यांनी १६५६ च्या सुमारास लिहून काढले, पण छापले नाही. त्याच वर्षी त्यांनी लंबकाचे घड्याळ सिद्ध केले. १६६६ साली ते पॅरिसच्या विज्ञान अकादमीत गेले. १६६८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने टकरीचे नियम मागविले, तेव्हा वॉलिस, रेन व हायगेन्स या तिघांनी उत्तरे पाठविली. सोसायटीच्या पत्रिकेत पहिल्या दोघांचीच आधी छापली गेली. हायगेन्स यांना वाईट वाटले. त्यांनी आपले नियम १६६९ साली पॅरिसच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले.

आजारपणामुळे ते १६८१ साली हेगला परतले. १६८५ साली फ्रान्सच्या राजाने प्रॉटेस्टंटांना दिलेले संरक्षण काढून घेतले. हायगेन्स पुन्हा पॅरिसला राहावयास गेले नाहीत. ८ जुलै १६९५ रोजी त्यांचे निधन झाले. टकरीवरचा त्यांचा संपूर्ण ग्रंथ छापला गेला तो १७०३ साली, त्यांच्या मागे आठ वर्षांनी.

शिक्षकांनी मुलांना कॅरमची एक सोंगटी दुसरीवर अगदी सरळ मारून दाखवावी. पहिली जवळजवळ थांबते, दुसरी निघून जाते. ते का, हे मुलांना नावेत बसवूनच सोडवायला सांगावे.