दादासाहेब फाळके : कलावंत आणि करारपत्र

आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. वडील सातपूरच्या एका लहानशा वर्कशॉपात डाय बनवतात. त्यांनी स्वतः डोके चालवून केलेला एक डाय पाहून एका मोठ्या कारखान्याने पुढे तसाच दुसरीकडून स्वस्तात करवून घेतला. वडिलांकडे लेखी एक ओळही नव्हती. म्हणूनच लायब्ररीत दादासाहेब फाळक्यांचे चरित्र वाचताना मला वडील आठवत राहिले.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी आपल्या त्र्यंबकेश्वरी झाला. ते चित्रकला, छायाचित्रण व छपाई शिकले. भागीदारांशी न पटल्याने छापखाना सोडावा लागला, ही पहिली ठेच. पुढे १९१२ साली विमा पॉलिसी गहाण ठेवून ते लंडनला गेले, कॅमेरा आणला आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईत 'राजा हरिश्चंद्र' झळकला. फिल्मला भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंत पत्नी सरस्वतीबाई राबल्या. नंतर बिऱ्हाड व कारखाना नाशकास आला.

१९१७ च्या 'लंकादहन'ने कीर्ती दिली; पण भांडवल पुरेना. १९१८ साली मुंबईच्या धनिकांसह हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी निघाली आणि फाळक्यांची स्वतःची कंपनी तिच्यात विलीन झाली. चित्रपट काढायचे फाळक्यांनी. व्यवस्था वामन श्रीधर आपट्यांची, पैसा इतरांचा. 'कालिया मर्दन' गाजला, तरी भागीदारांशी खटके उडतच राहिले. अखेर दादासाहेब काशीला निघून गेले. कंपनी मात्र त्यांच्यावाचून चित्रपट काढीतच राहिली! काही वर्षांनी ते परतले, पण पगारावर.

केवळ धनिकांना दोष देणे मला योग्य वाटत नाही. त्यांनीही पैसा घातला होता. हातातली कला कोणी हिरावू शकत नाही, पण तिच्यातून घडलेल्या वस्तूची मालकी कागद ठरवतो. आजच्या कॉपीराइट कायद्यातही चित्रपटाचा पहिला मालक सामान्यतः निर्माता असतो, दिग्दर्शक नव्हे. म्हणून मोठ्याशी हात मिळवण्यापूर्वीच लिहून घ्यावे : आधीचे माझे काय, पुढे घडेल ते कोणाचे आणि वेगळे झालो तर मी काय घेऊन जाईन.

१६ फेब्रुवारी १९४४ रोजी दादासाहेब नाशकातच निवर्तले. १९६९ पासून त्यांच्या नावाने देशाचा सर्वोच्च चित्रपट पुरस्कार दिला जातो.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. गेल्या महिन्यात वडिलांच्या नव्या कामाचा करार मी वहीच्या पानावर लिहिला. सही करण्यापूर्वी त्यांनी तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला.