देवमासा आणि कार्ल लिनीअस

प्राण्यांचे गट पाडावयास सांगितलें असतां लहान मुलें बहुधा राहण्याच्या जागेवरून गट पाडतात. पाण्यांत राहतो तो मासा, आकाशांत उडतो तो पक्षी आणि जमिनीवर चालतें तें जनावर. आमची भाषाही त्यांस साथ देते. समुद्रांतील त्या अजस्र प्राण्यास तिनें देवमासा असेंच नांव देऊन ठेविलें आहे. मग तो मासा नव्हे असें शिक्षकांनीं म्हटलें म्हणजे मुलांस तें खरें वाटत नाहीं. त्यांत त्यांस लाजण्याचें कारण नाहीं. साऱ्या सजीव सृष्टीची वर्गवारी लावणाऱ्या पंडितानेंही प्रथम देवमाशास माशांतच बसविलें होतें. त्या पंडिताचें, कार्ल लिनीअसचें, चरित्र आम्ही येथें थोडक्यांत सांगत आहों.

स्वीडन देशाच्या स्मोलँड प्रांतांत रोशुल्ट नांवाच्या खेड्यांत ता. २३ मे १७०७ रोजीं कार्लचा जन्म झाला. त्याचे वडील नील्स हे धर्मोपदेशक असून त्यांस बागेचा मोठा नाद होता. लिनीअस हें आडनांवही त्यांनीं लिंडन नांवाच्या वृक्षावरून घेतलें होतें. मुलानेंही उपदेशक व्हावें अशी आईबापांची इच्छा होती. परंतु वेक्शो येथील शाळेंत कार्लचें लक्ष पुस्तकांपेक्षां रानांतील झाडपाल्याकडेच अधिक. हा मुलगा विद्येच्या कामाचा नाहीं, यास एखाद्या कारागिराच्या हाताखालीं घालावें, असें शिक्षकांचें मत पडलें. बाप अगदीं निराश झाला. त्याच शाळेंत शिकविणारे डॉक्टर रोथमन यांनीं मात्र मुलाची पारख केली. वनस्पतींची आवड वैद्यकांत कामास येईल, असें त्यांनीं बापास समजाविलें आणि कार्लला स्वतःच्या घरीं ठेवून शिकविलें. त्या एका माणसाचा शब्द पडला नसता, तर पुढील कथा घडलीच नसती.

सन १७२८ मध्यें कार्ल उप्साला येथील विद्यापीठांत गेला. गरिबी इतकी, कीं फाटक्या जोड्यांत कागद घालून तो चालत असे. तेथें त्यास पीटर आर्टेडी नांवाचा सहाध्यायी भेटला. दोघांसही एकच वेड. सृष्टींतील वस्तूंचा अभ्यास त्यांनीं आपसांत वांटून घेतला, व त्यांत मासे आर्टेडीकडे आले. दोघांपैकीं जो मागें राहील त्यानें दुसऱ्याचें काम पुरें करावें, असा त्यांचा करार ठरला.

सन १७३५ मध्यें हे दोघे मित्र हॉलंडांत पुन्हां भेटले. त्याच वर्षीं लिनीअसनें लायडन येथें ‘सिस्टिमा नॅचुरी’ हा ग्रंथ छापिला. पानें मोठ्या आकाराचीं, पण अवघीं बाराएक. त्यांत प्राण्यांचे सहा वर्ग केले होते : चतुष्पाद, पक्षी, उभयचर, मासे, कीटक आणि कृमि. माशांची मांडणी त्यानें आर्टेडीच्या अभ्यासावरून घेतली होती व तींत देवमासाही होता.

त्याच वर्षीं सप्टेंबरांत एके रात्रीं आर्टेडी ॲम्स्टरडॅमच्या कालव्यांत पडून मरण पावला. थकलेल्या पैशांसाठीं घरमालकानें त्याचीं हस्तलिखितें अडकवून ठेविलीं. लिनीअसनें एका श्रीमंत आश्रयदात्याच्या साह्यानें तीं सोडविलीं, नीट लाविलीं आणि १७३८ सालीं मित्राच्याच नांवानें प्रसिद्ध केलीं. करार पाळला गेला.

पुढें स्वदेशीं परतल्यावर १७४१ सालीं तो उप्साला येथें प्राध्यापक झाला. आपल्या ग्रंथाच्या तो नव्या आवृत्त्या काढीतच होता. सन १७५८ च्या दहाव्या आवृत्तींत चार हजारांहून अधिक प्राणी आले, आणि तींत त्यानें देवमाशास माशांतून काढिलें. देवमाशाचें रक्त उष्ण असतें. तो कल्ल्यांनीं नव्हे, फुप्फुसांनीं श्वास घेतो. त्याची मादी पिलांस दूध पाजते. मग तो गाईच्या आणि मांजराच्या वर्गांत नको काय? परंतु त्या वर्गाचें नांव होतें चतुष्पाद, आणि देवमाशास चार पाय कोठले! तेव्हां लिनीअसनें वर्गाचें नांवच बदलून तो सस्तन प्राण्यांचा वर्ग केला. ज्या मित्राचे कागद त्यानें इतक्या प्रेमानें जपले, त्याचीच मांडणी येथें त्यानें मोडली. मैत्री आणि सत्य यांची त्यानें गल्लत केली नाहीं.

याच आवृत्तींत त्यानें सर्व प्राण्यांस दोन-दोन शब्दांचीं लॅटिन नांवें दिलीं. वनस्पतींस तशीं नांवें त्यानें १७५३ सालींच दिलीं होतीं. त्यापूर्वीं एकेका जातीचें नांव म्हणजे लांबलचक वर्णनच असे. आपल्या मोराचें पावो क्रिस्टाटस आणि आंब्याचें मँजिफेरा इंडिका हीं शास्त्रीय नांवें त्याचींच असून तीं आजही जगभर चालतात.

त्याचें सर्वच काम बरोबर होतें असें मात्र नाहीं. बेडूक, साप आणि शार्क मासे यांस त्यानें एकाच वर्गांत कोंबिलें होतें. तें पुढील शास्त्रज्ञांनीं वेगळें केलें. याहून मोठी चूक मनुष्याच्या बाबतींत झाली. मनुष्यास त्यानें वानरांच्या गणांत बसविलें व सर्व मानवांची जात एकच मानिली, हें योग्यच झालें. पण खंड व कातडीचा रंग पाहून त्यानें मानवांचे पोटभेद पाडिले आणि प्रत्येकास निरनिराळा स्वभाव चिकटविला. देवमाशाविषयीं त्यानें शरीराची साक्ष मानिली. मनुष्यांविषयीं ऐकीव गोष्टींवर विश्वास ठेविला. त्या चुकीचा आधार घेऊन पुढें पुष्कळ अन्याय झाला.

सन १७७८ च्या जानेवारीच्या १० तारखेस तो वारला. उप्सालाच्या मुख्य मंदिरांत त्याची समाधि आहे.

विद्यार्थिमित्रहो, गट पाडणें म्हणजे कप्पे भरणें नव्हे. कोणतें लक्षण महत्त्वाचें हें ठरविणें, आणि तें चुकलें असें दिसतांच कप्पाच बदलणें, हें खरें काम आहे. आणि पालकांसही आमची एक विनंती आहे. मुलांचेही आपण असेच गट पाडीत असतों : हा हुशार, हा मंद. तो निर्णय कायमचा करण्यापूर्वीं रोथमन यांची आठवण ठेवावी.