मुलींचा क्रयविक्रय आणि कै. डॉ. हरिसिंग गौर

चोरीचा माल जाणूनबुजून घेणारा हा व्यापारी नव्हे, गुन्हेगार होय, हे इतवारीतील लहानशा दुकानदारासही शिकवावे लागत नाही. परंतु तो माल म्हणजे एखादी अज्ञान मुलगी असली, की हाच सरळ न्याय आमच्या समाजाच्या गळी उतरण्यास फार काळ लागला. तो कायद्याच्या शब्दांत उतरावा म्हणून ज्यांनी खटपट केली, त्यांत कै. डॉ. सर हरिसिंग गौर यांचे स्मरण नागपूरकरांनी अगत्याने ठेविले पाहिजे.

गौर यांचा जन्म २६ नोव्हेंबर १८७० रोजी सागर येथे एका गरीब कुटुंबात झाला. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात शिकून ते केंब्रिजला गेले व बॅरिस्टर होऊन परतले. सरकारी नोकरी थोड्याच दिवसांत सोडून त्यांनी वकिली पत्करली. दंडसंहितेवरील त्यांच्या ग्रंथाने त्यांस देशभर कीर्ती मिळवून दिली. या शहराच्या नगरपालिकेचे ते अध्यक्ष होते व पुढे नागपूर विद्यापीठाचे कुलगुरूही झाले.

दंडसंहिता ज्यास मुखोद्गत, त्यास तिच्यातील छिद्रेही ठाऊक असणारच. १८६० च्या संहितेत मुलीस वेश्याव्यवसायासाठी विकणे हा गुन्हा होता खरा. पण सोळा वर्षांखालील मुलींपुरताच. शिवाय विकणाऱ्याचा हेतू फिर्यादी पक्षाने सिद्ध करावयाचा. मुलगी दत्तक दिली, देवास वाहिली, अशा सबबी पुढे केल्या की कायदा हतबल होई. नागपूरचेच सर माणेकजी दादाभाई व अमरावतीचे रावबहादूर मुधोळकर यांनी १९१२ मध्ये याविषयी विधेयके आणली होती. पुढे महायुद्ध पेटले आणि विषय मागे पडला. १९२२ मध्ये गौर यांनी तो मध्यवर्ती विधिसभेत पुन्हा उभा केला.

१९२४ मध्ये संहिता सुधारली. वयाची मर्यादा अठरा झाली. व्यवसाय कोणत्याही वयात करून घेण्याचा हेतू असला तरी गुन्हा ठरला. कुंटणखाना चालविणाराच्या हाती मुलगी दिली, तर हेतू वाईट होता असेच गृहीत धरावे व निर्दोषपणाचा पुरावा देणाऱ्याने आणावा, असे ठरले. छिद्र नेमके जेथे होते, तेथेच हे ठिगळ बसले.

स्त्रियांस वकिलीची दारे उघडणाऱ्या व भिन्नधर्मीयांच्या विवाहास वाट देणाऱ्या १९२३ च्या कायद्यांमागेही गौर यांचे परिश्रम होते. सनातन्यांचा रोष त्यांनी पुष्कळ सोसला. आयुष्यभराच्या कमाईतील वीस लाख रुपये देऊन त्यांनी १९४६ मध्ये सागर विद्यापीठ स्थापिले व २५ डिसेंबर १९४९ रोजी देह ठेविला.

त्यानंतर सुमारे महिनाभराने अमलात आलेल्या राज्यघटनेने तेविसाव्या कलमात माणसांचा व्यापार निषिद्ध केला. १९५६ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. २०२४ मध्ये दंडसंहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, तीतही १९२४ चे ते गृहीतक कायम आहे. तेव्हा आज उणीव कायद्याची नाही, आमची आहे. १९५६ चा कायदा जाणूनबुजून जागा भाड्याने देणाऱ्या घरमालकासही शिक्षा सांगतो. चारी दिशांच्या आगगाड्या ज्या शहरात एकत्र येतात, तेथील धर्मशाळावाल्याने, लॉजवाल्याने, चाळमालकाने भाडे मोजण्यापूर्वी भाडेकरू कोण हे पाहिले, तर निम्मे काम होईल. उरलेले निम्मे अधिक कठीण आहे. सुटलेल्या मुलीस घर, शाळा व पोटापुरते काम कोण देणार? गौर यांनी आपली पुंजी विद्यादानास दिली. आमच्या श्रीमंतांनी तिचा काही अंश या मुलींसाठी वेगळा काढला, तर त्या पुरुषाचे स्मरण पुतळ्याहून अधिक टिकेल.