सोन्याचा दंडगोल आणि दख्खनचा पाषाण

सह्याद्रीच्या घाटातला काळा कातळ एकेकाळी विषुववृत्ताच्या दक्षिणेस होता, हे आज शाळकरी मुलांनाही सांगितले जाते. पन्नासच्या दशकात मात्र हे विधान धाडसाचे होते. पाषाणाकडून ही साक्ष वदवून घेण्यामागे एक फसलेला प्रयोग होता आणि तो फसला होता पॅट्रिक ब्लॅकेट यांच्यासारख्या नोबेल विजेत्याचा.

१८ नोव्हेंबर १८९७ रोजी लंडनमध्ये जन्मलेले ब्लॅकेट मूळचे नौदलाचे. पहिल्या महायुद्धात फॉकलंड आणि जटलंड या दोन्ही सागरी लढाया त्यांनी पाहिल्या. १९१९ मध्ये नौदलानेच त्यांना शिक्षणासाठी केंब्रिजला धाडले. तेथील कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत त्यांनी पाऊल टाकले आणि हा दर्यावर्दी पुन्हा जहाजावर गेलाच नाही. रदरफोर्ड यांच्या हाताखाली त्यांनी क्लाउड चेंबरमधील सुमारे २३ हजार छायाचित्रे तपासली. त्यातल्या अवघ्या आठ छायाचित्रांत नायट्रोजनचे ऑक्सिजनमध्ये रूपांतर होताना दिसले. चिकाटी म्हणजे काय, हे यावरून कळावे. १९४८ चे भौतिकशास्त्राचे नोबेल त्यांना या उपकरणाच्या विकासाबद्दल आणि त्याच्या साहाय्याने लावलेल्या शोधांबद्दल मिळाले.

त्याच सुमारास एका जुन्या प्रश्नाने त्यांना पछाडले होते. पृथ्वीला चुंबकत्व येते कोठून? फिरणाऱ्या प्रत्येक जड वस्तूत केवळ फिरण्यामुळेच चुंबकत्व निर्माण होत असावे, अशी कल्पना त्यांनी १९४७ मध्ये मांडली. पृथ्वी, सूर्य आणि एक दूरचा तारा यांचे आकडे तिच्याशी बरे जुळतही होते. कल्पना खरी असेल, तर पृथ्वीबरोबर फिरणाऱ्या साध्या धातूच्या गोळ्यालाही अत्यंत क्षीण का होईना, चुंबकत्व असायला हवे. मग १० सेंटिमीटर उंचीचा आणि तेवढ्याच व्यासाचा, शुद्ध सोन्याचा दंडगोल घडवण्यात आला. वजन १५ किलोंहून थोडे अधिक. सोने अर्थातच उसने आणलेले, बँक ऑफ इंग्लंडकडून! मँचेस्टरजवळच्या जॉड्रेल बँक येथे ब्लॅकेट यांनी कमालीचा संवेदनशील चुंबकमापक उभारला. दंडगोल त्याखाली ठेवला गेला. काहीच सापडले नाही. कीथ रंकॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोळशाच्या खाणींत उतरून घेतलेली मोजमापेही कल्पनेच्या विरोधातच गेली.

एवढ्या मानमरातबाचा माणूस अशा वेळी गप्प बसला असता, तरी कोणी जाब विचारला नसता. ब्लॅकेट यांनी १९५२ मध्ये आपले अपयश सविस्तर निबंधाच्या रूपाने, शीर्षकातच ते नकारार्थी असल्याचे सांगून, प्रसिद्ध केले. आणि चुंबकमापक अडगळीत न टाकता त्याखाली दगड ठेवायला सुरुवात केली.

लाव्हा थिजतो तेव्हा त्यातले लोहखनिजांचे कण त्या काळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा पकडतात आणि ती कोट्यवधी वर्षे जपून ठेवतात. सुईचा क्षितिजाशी होणारा कोन विषुववृत्तावर जवळजवळ शून्य, तर ध्रुवाकडे जावे तसा वाढत जातो. त्यामुळे कोनावरून खडकाचे मूळ अक्षांश काढता येतात. जॉन क्लेग आणि सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये दाखवले, की इंग्लंडमधील सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीचा लाल वालुकाश्म तयार झाला तेव्हा ती भूमी विषुववृत्ताच्या बरीच जवळ होती. १९५३ पासून लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात आलेल्या ब्लॅकेट यांच्या गटाने मग भारतातील दख्खनच्या बेसॉल्टकडे मोर्चा वळवला. १९५६ मध्ये निष्कर्ष आले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हा लाव्हा वाहिला, तेव्हा भारत दक्षिण गोलार्धात होता. वेगेनर यांच्या ज्या खंडवहनाची भूशास्त्रज्ञ टिंगल करीत, त्याला आकड्यांचा आधार मिळाला. १९५८ मध्ये क्लेग यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांच्यासह राजमहालच्या त्याहून जुन्या खडकांचे मापन प्रसिद्ध केले.

भारताशी ब्लॅकेट यांचे नाते केवळ दगडांचे नव्हते. नेहरूंच्या विनंतीवरून स्वतंत्र भारताच्या संरक्षण संशोधनाची आखणी करण्यास त्यांनी साहाय्य केले. होमी भाभा त्यांचे स्नेही होते. अण्वस्त्रांना त्यांचा असलेला विरोध मात्र त्यांच्याच देशात अनेकांना खुपला.

एक कोडे दीर्घकाळ राहिले. फ्रान्समध्ये ब्रून यांना १९०६ मध्ये, तर जपानमध्ये मात्सुयामा यांना १९२९ पर्यंत उलट्या दिशेने चुंबकित झालेले खडक सापडले होते. दख्खनच्या थरांतही दोन्ही दिशा आढळल्या. पृथ्वीचे ध्रुव खरोखरच पालटतात, की खडकच थिजताना उलटतात? जपानमधील हारुना पर्वताच्या एका खडकात असे आपोआप उलटणे आढळल्याने संशय बळावला होता. खडकांच्या कालमापनाने साठच्या दशकात निर्णय दिला. ध्रुवच पालटतात आणि अखेरचे पालटणे सुमारे पावणेआठ लाख वर्षांपूर्वीचे. महाबळेश्वरच्या माथ्याजवळच्या थरांतही असाच एक पालट नोंदलेला आहे.

१९६४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत खंडवहनावर भरलेल्या परिषदेचे एक आयोजक ब्लॅकेटच होते. पुढल्या वर्षी ते सोसायटीचे अध्यक्ष झाले आणि १९७० पर्यंत त्या पदावर राहिले. १३ जुलै १९७४ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. तोवर खंडांच्या सरकण्याबद्दल फारसे कोणी भांडत नव्हते.